शेवटच्या कोठडीतलं पान

चारुदत्तची वागणूक बिघडली होती, आणि त्याच्या आईशिवाय ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. रोज सकाळी तो बूट चढवायचा, गाडीची किल्ली उचलायचा, दारापाशी जायचा आणि म्हणायचा, "आई, जातो."

जातो म्हणे. पन्नाशी उलटलेला, केस पिकलेला माणूस. घरातून निघताना 'येतो' म्हणायचं, हे त्याला 'मम' म्हणायला शिकवलं त्याच्याच मागोमाग शिकवलं होतं द्वारकाबाईंनी.

"काय म्हणालास?"

"कुठे काय?"

"जातो म्हणालास. कामाला निघालायस की मसणात?"

"साइटवर, आई."

"मग येतो म्हण."

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, सिग्नलला थांबलेल्या गाडीतला माणूस शेजारच्या गाडीतल्याकडे बघतो तसं. मग तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. नुसताच उभा. कडी हाताशी होती, कुलूप नव्हतं, तरी हात खाली सोडून, मान जरा वर करून, कुणीतरी उघडेल अशी वाट बघत. शेवटी द्वारकाबाईंनीच गुडघे सावरत उठून दार उघडलं.

"लाटसाहेब," त्या त्याच्या पाठीला म्हणाल्या. "दाराला नोकर ठेवलाय का?"

"सवय झालीय गं," तो म्हणाला. "तिकडे दार आपण उघडत नाही. बटण दाबायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं आणि उभं राहायचं. आतून कुणीतरी उघडतं."

तिकडे म्हणजे तुरुंगात. चारुदत्त तुरुंग बांधत होता.

हे द्वारकाबाईंनी मिरजेत कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगा अमेरिकेत मोठा इंजिनियर, इमारती उभ्या करतो, एवढंच सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. पवनचक्क्यांच्या डोंगरापलीकडे, जिथं बदामाच्या बागा आणि टोमॅटोची शेतं सुरू होतात, तिथल्या काउंटीचा, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा, जुना तुरुंग अपुरा पडत होता. राज्यानं बाँड काढले होते. म्हणजे काय, हे चारुदत्तनं पूर्वी एकदा, बोलायचा तेव्हा, त्यांना समजावलं होतं. राज्य लोकांकडून पैसे उचलतं, काउंट्यांना वाटतं, काउंट्या त्यातून तुरुंग वाढवतात आणि जुने नीट करतात.

"म्हणजे कर्ज," द्वारकाबाई म्हणाल्या होत्या.

"कर्जच, पण जनतेनं दिलेलं."

"लोक शाळेला कर्ज काढतात, विहिरीला काढतात. तुमच्या जनतेनं तुरुंगाला दिलं. आणि मला चुलीवर पत्रा घालायचा होता, तेव्हा बँकेतला तो चष्मेवाला मला खुर्चीवर बस म्हणाला नव्हता."

तेव्हा चारुदत्त हसला होता. खूप हसला होता. नवीन इमारतीचा पाया खणत होते तेव्हाची ती गोष्ट. नंतर नवी इमारत उभी राहिली, कैदी तिच्यात गेले, जुनी रिकामी झाली आणि तिच्या दुरुस्तीचं काम निघालं. चारुदत्त त्या जुन्या इमारतीत जायला लागला, आणि त्याचं हसणं तिथंच कुठंतरी राहिलं.

द्वारकाबाईंची शाळा चौथीपर्यंत, त्यातली अर्धी चुलीपुढं. नवरा गेला तेव्हा चारू मांडीवर होता. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. पेशंटांच्या नातेवाइकांना दोन घास लागतात, हे त्यांनी कुणी न सांगता ओळखलं आणि राहत्या घरात खानावळ काढली. त्या खानावळीचं दार दिवसभर उघडं असायचं. उंबऱ्यात सावली पडली की त्या मान वर न करता हाक द्यायच्या, "आला का रे? ये, पान वाढलंय." आणि कुणी उठून निघालं, की म्हणायच्या, "येतो म्हण." न म्हणता गेलेल्याला त्या बोलावून परत आणायच्या. ज्यांचा माणूस दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत होता, तेही त्यांच्या उंबऱ्यावर 'येतो' म्हणूनच पायरी उतरले होते. त्या स्वतः तर जन्मात कधी 'जाते' म्हणाल्या नव्हत्या. खानावळ मोडून चारूकडे यायला निघाल्या, त्या दिवशी विझलेल्या चुलीलासुद्धा हात लावून म्हणाल्या होत्या, "येते हं."

सनीव्हेलच्या घरात उंबराच नव्हता. सून मृणालिनी सकाळी कंपनीच्या बसनं जायची आणि आल्यावरही कानात ते खुंट घालून कुणाशी तरी मीटिंग करायची. वागायला चांगली होती, 'तुम्ही' म्हणून बोलायची, औषधं वेळेवर द्यायची. नात आरोही सॅन दिएगोला कॉलेजात. फोनच्या चौकटीत तोंड दाखवायची, "लव्ह यू आजी, गॉटा रन," म्हणायची आणि पळायची. मागं राहायचा तो फ्रिजचा आवाज. खाली गालिचा इतका जाड, की स्वतःचं पाऊलही ऐकू यायचं नाही.

म्हणून त्या बोलायच्या. कुणी नसताना, दुपारी, ओट्यापाशी उभ्या राहून मोठ्यानं बोलायच्या. जुन्या जेवणाऱ्यांना वाढायच्या. "गुरुनाथ, भात घे, लाजू नकोस. दिगंबर, ताक देऊ का? अरे, तुझ्या बायकोचं ऑपरेशन आहे, तुझं नाही, जेव नीट." हे कुणाला कळलं असतं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पण घरात होतं कोण कळायला?

आधी डबा भरलेला परत यायला लागला.

त्या रोज पहाटे उठून पोळ्या लाटायच्या, भाजी करायच्या, आणि संध्याकाळी डबा जसाच्या तसा. पोळीची घडीसुद्धा मोडलेली नाही.

"जेवून आलो," चारुदत्त म्हणायचा.

"कुठं?"

"साइटवर."

"काय होतं?"

"आमटी-भात," तो म्हणाला, आणि मग हात धुता धुता, पातेल्यावरचं झाकणही न उचलता म्हणाला, "आज चिंच जरा जास्त झाली, नाही?"

चिंच जास्त झाली होती. त्यांना वाटलं, वासावरून ओळखलं असेल. खानावळीत वाढलेलं पोर, नाक असतं.

त्याच आठवड्यात तो मृणालिनीला सांगत होता. मराठीत सांगत होता, पण निम्मं इंग्रजी. द्वारकाबाईंनी जुळवून घेतलं ते असं, की जुन्या इमारतीतल्या प्रत्येक कोठडीच्या भिंतीत भोकं पाडलेली एक पोलादी पट्टी असते. कैद्यानं बटण दाबलं, की पहारेकऱ्यांच्या खोलीत दिवा लागतो आणि त्याचं बोलणं ऐकू येतं. तर रिकाम्या इमारतीतल्या शेवटच्या कोठडीचा दिवा दुपारी आपोआप लागायचा. जुना संच काढून नवा बसवला तरी लागायचा. वायर कापून टाकली तरी लागला. आणि ती कोठडी तपासणीत पास झाल्याशिवाय राज्य बाँडचा शेवटचा हप्ता सोडणार नव्हतं.

"आवाज कसला येतो?" मृणालिनीनं विचारलं.

"किचनचा. पाणी, भांडी."

"मग जेलचं किचन असेल ना. पाइपमधून साउंड ट्रॅव्हल होतो."

"जेलच्या किचनमध्ये कुकरची शिट्टी नसते," चारुदत्त म्हणाला. म्हणताना त्याचा चेहरा उजळला, आणि तो पटकन ताटाकडे बघायला लागला.

नंतर मृणालिनी हळूच म्हणाली, "आई, त्याला स्ट्रेस आहे. प्रोजेक्ट क्लोज झाला की होईल ठीक. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मी कुठं लावून घेतेय?" द्वारकाबाई म्हणाल्या. "माझा डबा परत येतोय तो येतोय."

एका संध्याकाळी तो आला, सोफ्यावर बसला आणि डोळे मिटून, कुठल्याशा सुखात असल्यासारखा म्हणाला, "दिगंबरला ताक दिलंस का शेवटी?"

द्वारकाबाईंच्या हातातली वाटी हातातच राहिली.

दिगंबर म्हणजे सांगोल्याकडचा, बायकोच्या आजारपणात खानावळीत जेवणारा. चारू तेव्हा पदराला लोंबकळायच्या वयाचा. त्याला तो आठवणं शक्य नव्हतं. आणि ताकाचं तर त्या त्याच दुपारी बोलल्या होत्या. ओट्याशी. एकट्या.

"कोण दिगंबर?" त्यांनी विचारलं.

"तूच म्हणत होतीस ना."

"कधी?"

"दुपारी," तो म्हणाला. कुणी गेल्या वर्षीच्या पावसाबद्दल बोलावं, इतक्या सहज.

द्वारकाबाई भिणाऱ्यातल्या नव्हत्या. मापात मारणारा वाणी त्यांनी पकडला होता, पेशंटचा नातेवाईक म्हणून जेवून जाणारे भामटे पकडले होते. त्यांनी हेही तसंच तपासायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यापाशी उभ्या राहिल्या, आधी स्वतःचं हसू आलं, मग भिंतीकडे बघून ठणकावून म्हणाल्या, "चारू, येताना कढीपत्ता आण."

फोन त्यांनी मुद्दाम मृणालिनीच्या कपाटात, शालींच्या खाली ठेवला होता.

संध्याकाळी चारुदत्त आला. हातात पिशवी, पिशवीत कढीपत्त्याची जुडी, वर अजून दुकानातलं पाणी.

"हे कशाला?"

"सांगितलंस ना." आणि दारातून आत यायच्या आधी तो पुन्हा उभा राहिला होता, दार उघडंच असताना.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. विचार केला, ठरवलं. आपल्या बोलण्यानंच काहीतरी होतंय, तर आपण तोंड बंद ठेवायचं. झालं. दुसरा दिवसभर त्यांनी शब्द उच्चारला नाही. जप केला तोही मनात. कुकर लावला नाही, नळ सोडला नाही, सकाळचंच गार अन्न, ताट वाजू नये म्हणून, हातावर घेऊन खाल्लं. दुपारी आरोहीचा फोन आला तो घेतला नाही. सोफ्यावर पदर तोंडाशी धरून बसून राहिल्या, आणि त्या घरात इतकं सामसूम झालं, की कुणी बाहेरून डोकावून पाहिलं असतं तर घर रिकामं आहे असंच म्हणालं असतं.

चारुदत्त नेहमीपेक्षा उशिरा आला. तृप्त दिसत होता. पोट भरलेल्या माणसाची एक चाल असते. ती त्यांनी हजारो माणसांची पाहिलेली होती.

"आज किती बोललीस गं," तो म्हणाला. "आज पहिल्यांदाच एवढं बोललीस."

द्वारकाबाईंनी पदर तोंडावरून काढला नाही. मग त्यांना कळलं, की आता तो धरून काही उपयोग नाही, आणि त्यांनी तो हळूच खाली सोडला.

जुन्या इमारतीत कैदी परत आणण्याआधी एक शनिवार काउंटीनं सगळ्यांसाठी तुरुंग उघडा ठेवला. ज्यांच्या पैशानं झालं त्या जनतेनं येऊन बघावं, म्हणून. मृणालिनी आरोहीकडे सॅन दिएगोला गेली होती. द्वारकाबाईंनी हिरवी इरकल नेसली, वर मृणालिनीचा कोट चढवला आणि म्हणाल्या, "मी येणार."

"तू काय करणार तिथं?"

"तू कुठं जेवतोस ते बघणार."

निघताना गॅस त्यांनी स्वतः बंद केला, नळ आवळले, दार ओढून कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

डोंगर उतरल्यावर बदाम फुलले होते. मैलच्या मैल पांढरी झाडं, त्यांच्याखाली मधमाश्यांच्या पेट्या, आणि माणूस एक नाही. चारुदत्त गाडी चालवत होता आणि त्याचा वेग हळूहळू वाढत होता, सणाला घरी निघालेल्या माणसाचा वाढतो तसा.

तुरुंगाच्या दारात काउंटीनं बिस्किटं आणि लिंबाचं सरबत मांडलं होतं. पोरं कोठड्यांत शिरून गज धरून फोटो काढून घेत होती, आयाबाया हसत होत्या. सार्जंट ओर्तेगा नावाची एक दणकट बाई सगळ्यांना फिरवत होती. आत जायला दोन दारं, मध्ये एक खोली. मागचं बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नव्हतं. त्या खोलीत सगळे खोळंबून उभे राहिले. चारुदत्तनं कॅमेऱ्याकडे बघून मान किंचित वर केली. घरच्या दारापुढं करायचा तशीच. कुठंतरी घरघर झाली आणि दार सरकलं.

जुन्या इमारतीला नवा पिवळसर रंग दिला होता. रंगाखालून जुना वास येत होता, ओल्या गोधडीचा. कोठडी बघून द्वारकाबाईंनी नाक मुरडलं. पोलादाचं एकच भांडं, वरच्या बाजूला हात धुवायचे, खालच्या बाजूला संडास, आणि हातभर अंतरावर जेवायची फळी.

"ह्यात माणूस जेवतो?"

"काकू, नवीन आहे सगळं," मागून देवांग म्हणाला. देवांग चारुदत्तच्या हाताखालचा इंजिनियर, मुंबईचा गुजराती, मराठी बोलायची हौस असलेला. तो जरा मागं राहिला आणि आवाज खाली करून म्हणाला, "काकू, एक सांगू? सर ना, लंचला रोज लास्टच्या कोठडीत जाऊन बसतात. डबा गाडीतच असतो. आणि बाहेर येतात तेव्हा हात धुतलेले, ओले असतात."

"तिथला आवाज तू ऐकलास?"

"भांड्यांचा येतो. मग नुसती खरखर. सर म्हणतात, बोलणं आहे." त्यानं खांदे उडवले, पण त्याचे डोळे हसत नव्हते. "मी नाही जात तिकडे यार. तुम्ही घेऊन जा त्यांना घरी."

ओर्तेगाबाई लोकांना घेऊन नव्या दवाखान्याकडे वळली. देवांग त्यांच्यामागं गेला. चारुदत्त वळला नाही. तो ओळीच्या टोकाकडे चालायला लागला, आणि द्वारकाबाई गुडघे सांभाळत त्याच्यामागं.

शेवटच्या कोठडीचं दार उघडंच होतं. आत उभ्या फटीएवढी खिडकी, तिच्यातून पांढरा उजेड येत होता, फुलं दिसत नव्हती. चारुदत्तनं दाराबाहेर बूट काढले. आत गेला. जमिनीवर, भिंतीतल्या त्या पट्टीसमोर, मांडी घालून बसला. बसायची जागा ठरलेली दिसत होती. मागच्या भिंतीच्या नव्या रंगावर पाठीचा मळकट डाग पडला होता.

"ऊठ," द्वारकाबाई म्हणाल्या. "शोभतं का?"

तो हलला नाही.

आधी पाणी ऐकू आलं. पितळी घागरीत पडणारं, आधी खोल, मग वर वर येणारं. सनीव्हेलच्या घरात पितळी घागर नव्हती. मग उलथन्याचा तव्यावरचा आवाज. मग कुकरची शिट्टी, आणि तिच्यामागं कुठंतरी लांब, दवाखान्याच्या आवारातली घंटा.

मग फोडणीचा वास आला. पोलादी भिंतीतून.

द्वारकाबाईंनी दाराची चौकट धरली.

"आला का रे?" भिंतीतून बाईचा आवाज आला. "ये, पान वाढलंय."

तो त्यांचाच आवाज होता. पण आताचा नव्हे. गुडघे दुखायच्या आधीचा, दम लागायच्या आधीचा. भरल्या घरातला आवाज.

"आलो," चारुदत्त म्हणाला.

त्याचा चेहरा त्यांनी पाहिला. हा चेहरा त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. शाळेतून आल्यावर दप्तर न काढता पाटावर बसायचा, तेव्हाचा.

"चारू," त्या म्हणाल्या. "मी इथं आहे. ही बघ, मी इथं उभी आहे."

त्यानं त्यांच्याकडे न बघता ओठांवर बोट ठेवलं.

"श्श. आई बोलतेय."

भिंतीपलीकडे भांड्याचा आवाज थांबला. ऐकणारं माणूस थांबतं, तसा.

"कोण आहे रे तुझ्यासोबत?" आवाजानं विचारलं.

चारुदत्तनं मान वळवली. त्यानं द्वारकाबाईंकडे पाहिलं, इरकलीकडे, उसन्या कोटाकडे, चौकट धरलेल्या हाताकडे. नीट, वेळ घेऊन पाहिलं. आठवायचा प्रयत्न केला, असंही म्हणता येईल.

"कुणी नाही," तो म्हणाला.

तो जेवला. समोर काही नव्हतं, पण त्याच्या हाताला भाताचा घास करायची सवय होती. द्वारकाबाई बघत राहिल्या. जेवणाऱ्याला पानावरून उठवायचं नाही, हा त्यांचा नेम होता, आणि अशा वेळीही तो त्यांच्याच्यानं मोडवला नाही.

मग तो उठला. कोपऱ्यातल्या पोलादी भांड्यात हात धुतले, बूट घातले आणि भिंतीकडे वळून, मान लववून म्हणाला, "येतो."

"ये," भिंत म्हणाली.

दोघं परतीच्या वाटेला लागली. डोंगरावरच्या पवनचक्क्या थांबल्या होत्या. द्वारकाबाई मनाशी म्हणत होत्या, घरी जाऊ दे. घरात शिरले की पातेलं ठेवते, दिवा लावते, पोराला समोर बसवते. तिथं ती असली तरी घर माझं आहे. कनवटीची किल्ली त्यांनी कोटावरून चाचपली. होती.

सनीव्हेलला ऊन कलायला आलं होतं. शेजारचा माणूस गवतावर पाणी मारत होता, त्यानं हात केला. चारुदत्त दारापाशी गेला, हात खाली सोडले, मान जरा वर केली आणि उभा राहिला.

"थांब," द्वारकाबाई कोटाची बटणं काढत म्हणाल्या. "कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे."

आतून शिट्टी झाली. एक. मग दुसरी.

किल्ली त्यांच्या हातात होती.

आतून कडी फिरली. दार उघडलं, फार नाही, एक माणूस जाईल एवढं. आत कुणी दिसलं नाही. फक्त गालिच्यावर, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, ओल्या पावलांचे ठसे होते, घागर कडेवर घेऊन चालणाऱ्या बाईचे, एका बाजूला जड. आणि आजवर ज्या घरात पाऊल वाजत नव्हतं, तिथं अनवाणी पावलांचा आवाज आला.

"आला का रे?"

"आलो," म्हणत चारुदत्त आत गेला. मग त्याला पाठीमागं कुणीतरी आहे याचं भान आलं असावं. तो वळला. हसला. दारात आलेल्या परक्या माणसाशी, बायाबापड्यांशी, चांगल्या घरातला मुलगा हसतो तसं. जन्मभर त्यानं आईला 'तू' म्हटलं होतं.

"या ना," तो म्हणाला. "तुम्ही बाहेर का उभ्या? जेवून जा."

द्वारकाबाईंनी हातातली किल्ली दाराबाहेरच्या पायपुसण्यावर ठेवली. कोट काढला, त्याची घडी घातली, तोही किल्लीशेजारी ठेवला. पदर खांद्यावरून नीट घेतला. आतून भाताचा वास येत होता. चांगला शिजला होता, त्यांच्याच हाताचा.

"चारू," त्या म्हणाल्या, "सोडलंस ते सोडलंस, पोरं सोडतात. पण ओळख न देता सोडलंस, हे वाईट केलंस. जेव जा, गार होईल. मी जाते."